टाकीच्या दक्षिणेची सावली

मित्रहो, शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा मी दरवर्षी मुलांना विचारायचे, विषुववृत्त आपल्यापासून किती लांब? बहुतेक बोटं नकाशावर कन्याकुमारीला जाऊन थांबायची. कन्याकुमारी ८ अंशांवर आहे. विषुववृत्त तिथून आणखी जवळपास ९०० किलोमीटर दक्षिणेला.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर. हे १९ म्हणजे अंतर नव्हे, कोन आहे, आणि मुलं नेमकी इथेच अडतात. पृथ्वीच्या केंद्रातून एक रेषा मुंबईकडे काढा, दुसरी थेट आपल्या दक्षिणेला विषुववृत्तापर्यंत. त्या दोघींमधला कोन म्हणजे आपला अक्षांश. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर, म्हणून विषुववृत्त आपल्यापासून २,१०० किलोमीटर. कुलाब्याहून सरळ दक्षिणेला गलबत हाकारलं, तर विषुववृत्त मालदीवच्या बेटांमध्ये ओलांडाल.

मला स्वतःला हा कोन उमगला गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर. आई कुरडया वाळत घालायची आणि कावळे हाकलायला मला बसवायची. भरदुपारी पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला सावलीची एक पट्टी असे, तीच माझी जागा. मार्चअखेर तिथे मांडी घालून बसता यायचं. एप्रिलभर पट्टी आक्रसत गेली, मेच्या मध्यावर नाहीशीच झाली. आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, टाकीच्या दक्षिणेला चार बोटं सावली दिसली! मी धावत जाऊन आईला सांगितलं. ती कुरडया उलटता उलटता म्हणाली, "सूर्य पलीकडे गेला असेल."

अगदी बरोबर होतं ते. वर्षभरात सूर्य साडेतेवीस अंशांवरच्या कर्कवृत्तापासून मकरवृत्तापर्यंत जाऊन येतो. मुंबई या पट्ट्याच्या आत, त्यामुळे तो दोनदा आपल्या बरोबर माथ्यावरून जातो: जाताना १५ मेच्या सुमारास, परतताना २७-२८ जुलैला. मधल्या काळात मुंबईचा मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. जुलैत ढग असतात म्हणून लक्षात येत नाही, एवढंच. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला. तिथे सूर्य माथ्यावर कधीच येत नाही.

आता मोजायचं कसं? २०-२१ मार्चला सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो. त्या दिवशी गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. दुपारी पाऊण वाजता सावली सर्वांत आखूड होईल, सुमारे ३४ सेंटिमीटर. कागदावर तेवढा काटकोन त्रिकोण काढा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. १९ येतील. पाऊण का, बारा का नाही? आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली, आणि मुंबई त्याच्या दहाएक अंश पश्चिमेला. प्रत्येक अंशाला चार मिनिटं.

रात्री काठीही नको. हात ताठ लांबवला की मूठ साधारण दहा अंश झाकते. उत्तरेचं क्षितिज मोकळं असेल तिथे उभं राहून मुठीवर मूठ ठेवा, दोन मुठींना जरा कमी उंचीवर ध्रुवतारा सापडेल. ध्रुवाची उंची तोच आपला अक्षांश. अरबी समुद्रातले खलाशी याच कामासाठी 'कमाल' वापरत, म्हणजे लाकडाची छोटी फळी आणि तिला गाठी मारलेली दोरी. दोरीचं टोक दातांत धरायचं, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची, वरची ध्रुवाला. दक्षिणेला जावं तसा ध्रुव खाली येतो, आणि मालदीवच्या त्या बेटांपाशी तो पाण्याला टेकतो.