इजिप्तच्या बाईच्या हाती जातं देऊ नका!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच: "ताई, पिरॅमिड पुरे, प्राचीन इजिप्तची माणसं घरात दिवसभर करायची काय?" बरं, चला. गाव देर अल-मदिना, लक्सरसमोर नाईलच्या पश्चिमेला. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती. सत्तरेक घरं, एकाला एक चिकटून. तीन-चार खोल्या, मागे उघड्यावर भट्टी, गच्चीवर जायला जिना. झालं घर.

आता पीठ. एकाने चित्र पाठवलंय, इजिप्शियन बाई जात्यावर दळतेय. अहो, जातं नाही! खाली दगड, वर हातात दगड, गुडघे टेकून पुढे-मागे रेटायचं. आपला पाटा-वरवंटाच समजा. गोल फिरणारं जातं तिकडे फार नंतर, ग्रीक-रोमन काळात आलं.

आणि दळणं तर शेवटी. त्यांचा गहू म्हणजे खपली. हो, आपल्याकडे सांगली-साताऱ्यात पिकते तीच. मळणी केली तरी तिचं टरफल सुटत नाही. आधी ओलवून उखळात कांडा, वाळवा, पाखडा, चाळा, मगच दळा. "थेट दळलं तर?" असं विचारणाऱ्यांनो, मग खा कूस! मी गावाहून टरफलासकट खपली आणून आजीच्या उखळात कांडली. दोन वाट्या झाल्या आणि खांदे बोलायला लागले. त्या कारागिरांचा तर पगारच धान्यात. म्हणजे पगार खायचा तर आधी कांडायचा! देर अल-मदिनाला दळणासाठी सरकारी दासी मिळायच्या, घराघरांत दिवस वाटून. ज्या गावांना नव्हत्या, तिथल्या बायकांचं काय, ते कमेंटमध्ये कुणी विचारत नाही.

हां, सुट्टी. आठवडा दहा दिवसांचा, शेवटी एक-दोन दिवस आराम. शिवाय खाडे! राजा दुसऱ्या रामसेसच्या राजवटीतल्या ४०व्या वर्षाची, याच कारागिरांची हजेरी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, चुनखडीच्या चिपेवर लिहिलेली. कारणं वाचा: विंचू चावला, डोळे दुखतात, भावाचं प्रेत मसाले भरून गुंडाळायचंय, घरात बायको-मुलीची पाळी. आणि माझं लाडकं: बिअर बनवत होतो.

हसू नका. बिअरही जव नाहीतर खपलीचीच. म्हणजे गडी खाडा करून घरी बसला, तो पुन्हा धान्यापाशीच.