सुई नवी आहे हो, पण शाई?

हात वर करा बघू, किती जणांच्या आजीच्या कपाळावर नाहीतर हातावर गोंदलेलं आहे? बघा, निम्मा हॉल. आणि आता स्वतःच्या अंगावर टॅटू कुणाकुणाच्या? सर मागे बसलेत म्हणून हात वर येत नाहीयेत, कळलं मला. असू दे.

मी स्किनचा डॉक्टर, त्यामुळे लोकांना वाटतं हा आता तासभर नको नको म्हणणार. तसं काही नाही. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, जत्रेत बसून गोंदून घेतलेले, आणि ती म्हणायची, मेल्यावर अंगावरचं सगळं काढून घेतात, एवढंच काय ते बरोबर येतं. पण त्या गोंदणाऱ्या बाईकडे सुई एकच, आणि दिवसभरात अख्खा गाव त्याच सुईखालून जायचा, हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. आजही मशीन घेऊन जत्रेत बसणारे आहेतच की, वाटीतल्या पाण्यात सुई बुडवली, फडक्याने पुसली, चला पुढचा. हिपॅटायटीस बीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, व्हायरस शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो, त्याला ती वाटी काय करणार? आणि सगळे घाबरतात एचआयव्हीला, पण दूषित सुईतून पसरण्यात हिपॅटायटीस बी त्याच्या कितीतरी पुढे आहे. बीची निदान लस तरी आहे, आज एक डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हिपॅटायटीस सीची तीही नाही.

तुम्ही म्हणाल आम्ही जत्रेत कुठे जातो, आम्ही एसी स्टुडिओत जातो आणि तो सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडतो. छान, ते बघाच. पण मी विचारलं की शाई पातळ करायला पाणी कुठलं घातलं, की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

एक मुलगा आला होता माझ्याकडे, दंडावर वाघ, काम खरंच सुरेख होतं. तीन आठवड्यांनी पुरळ आलं, पण कुठे, तर फक्त करड्या शेडिंगवर. काळे पट्टे स्वच्छ, डोळे स्वच्छ, आणि करड्या भागात बारीक बारीक लाल गाठी. त्याने मेडिकलमधून दोन अँटिबायोटिक खाऊन झाली होती, काडीचा फरक नाही. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये 2011 साली अगदी हेच झालं होतं, एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढलेल्या 19 जणांना. तिथे शाईत टीबीच्या जंतूचा लांबचा भाऊ निघाला, मायकोबॅक्टेरियम चेलोनी म्हणतात त्याला, तो पाण्यात मजेत राहतो. आणि तो निघाला कुठे, तर न उघडलेल्या बाटलीत सुद्धा! म्हणजे सुई नवी, ग्लोव्हज नवे, आर्टिस्टची काही चूक नाही, काळ्या शाईत पाणी घालून करडा रंग तयार करतानाच घोळ. औषधं महिनोन् महिने घ्यावी लागतात याला. म्हणून सांगतो, पाणी आरओचं असो, सीलबंद बाटलीतलं असो, पिता येतं म्हणजे ते निर्जंतुक आहे असं नाही. आणि तो निळा लाईट लावलेला डबा दाखवून कुणी म्हणालं की आमच्याकडे सगळं स्टरलाईज असतं, तर ऑटोक्लेव्ह आहे का विचारा. 121 डिग्रीची वाफ, तीही दाबाखाली, निदान 15 मिनिटं. निळा लाईट शोभेला ठीक आहे.

शाईचंच चाललंय तर लाल रंगाबद्दल बोलतो. ॲलर्जीत याचा नंबर पहिला. एका बाईंच्या मनगटावर गुलाब होता, त्याची पानं सपाट आणि पाकळ्या टम्म फुगलेल्या, डोळे मिटून बोट फिरवलं तरी फूल कळेल इतक्या. दीड वर्ष काहीच नव्हतं आणि मग एकदम खाज सुरू. अशा वेळी लेझर मारला की रंग फुटून अंगभर रिॲक्शन येण्याची भीती, म्हणजे काढायचीही चोरी. तसाही लेझर म्हणजे खोडरबर नव्हे. काळा रंग त्यातल्या त्यात ऐकतो, हिरवा निळा दमवतो, एका सिटिंगनंतर दुसऱ्यासाठी सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं, आणि आपल्या सावळ्या कातडीवर शाई गेली तरी पांढरट नाहीतर काळपट सावली मागे राहू शकते. नाव गेलं तरी ते कुठे होतं ते दिसतं, काय समजायचं ते समजा.

आता स्वतःच्या अंगाकडे बघा. लस टोचलेल्या जागी किंवा कान टोचल्यावर कुणाला गाठ आली होती का? त्याला केलॉईड म्हणतात. त्यांनी छाती आणि खांद्यावर तर नकोच. कोड किंवा सोरायसिस असेल तर जिथे सुई लागेल तिथे नवा चट्टा उठू शकतो, आणि नेमके कोड असलेलेच डाग झाकायला टॅटू काढायला जातात. शुगर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा.

भरतीची तयारी करणारे इथे बरेच दिसतायत. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, बाकी कुठेही नाही, आदिवासी समाजाच्या परंपरागत गोंदणाला तेवढी सूट आहे. मानेवर काढून मग माझ्याकडे येऊन डॉक्टर पंधरा दिवसांत घालवा म्हणणारे दरवर्षी असतात, नाही जात हो पंधरा दिवसांत.

तात्पुरता म्हणून काळ्या मेंदीचा काढू का, असं मगाशी एकीने विचारलं. मेंदी लालसर तपकिरी रंगते, काळीकुट्ट रंगत असेल तर त्यात बहुतेक केसांच्या डायमधलं पीपीडी घातलेलं असतं. फोड येतात, डाग राहतात, आणि पुढे आयुष्यभर डायची ॲलर्जी.

आणि हो, सर म्हणत होते पुढच्या महिन्यात इथेच रक्तदान शिबिर आहे. टॅटू काढल्यावर 12 महिने रक्त देता येत नाही. मगाशी हात वर न केलेल्यांनी फॉर्मवर तरी खरं लिहा.