वेलांटी पळाली

(दृश्य: शाळेचं अंगण. परिपाठ नुकताच उरकलाय. फरशीवर खडूच्या रेघा.)

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथीचा वर्ग आज अंगणात भरलाय. तीन मुलं ओळीत उभी आहेत, गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या: ग, र, ब. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, 'र'ला खेटून एक मुलगी उभी आहे. हात कमानीसारखा वळवून तिनं 'र'च्या डोक्यावर टेकवलाय. आज ती दुसरी वेलांटी आहे.

बाई म्हणतात, "वाचा."

"गरीऽब!"

तेवढ्यात एक मुलगा 'ला'ची पाटी घेऊन धावत येतो आणि 'ब'च्या मागे उभा राहतो. 'ब' हातातली फूटपट्टी उभी धरतो, तो झाला काना.

"आता वाचा."

"गरिबाला!"

'री' तोकडी झाली. कुणी सांगायच्या आत वेलांटी 'र'च्या पाठीमागून पळाली, डावीकडे येऊन पहिली वेलांटी झाली.

(दृश्य: मुलं एकमेकांची जागा घेतात. पाट्या बदलतात.)

शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ वेलांटी किंवा उकार, शब्दाला प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो. वीट, विटेला. फूल, फुलाला. मूल, मुलाला. आम्हाला हा नियम घोकायला लावला होता. त्यातला 'उपान्त्य', म्हणजे शेवटून दुसरा, हा शब्दच मला कितीतरी वर्षं कळला नव्हता. वहीत लाल शाईचे गोल यायचे आणि शेजारी शेरा: दहा वेळा लिहा. पण एकदा मोठ्यानं म्हणून बघा, फूल आणि फुलाला. जीभ आपली आपणच 'फू' आखडते. नियम आमच्या तोंडात होताच, तो तिथं आहे हे कुणी दाखवलं नाही. या अंगणात नेमकं तेच दाखवतात, म्हणून मला हा खेळ मोलाचा वाटतो.

सगळीकडे कान साथ देत नाही. 'शरीर'चं 'शरीरात' होतं, वेलांटी जागची हलत नाही. बाई सांगतात, "ही संस्कृतातून आलेली पाहुणी. तिला उठवायचं नाही." अशा पाहुण्यांची यादी भिंतीवर टांगलेली आहे. ती पाठच करावी लागते.

'न' आणि 'ण'चंही तसंच. इथल्या बऱ्याच घरांत पानी, लोनी म्हणतात. बाई शब्द पुकारतात आणि मुलं खडूच्या दोन रिंगणांपैकी एकात उडी मारतात. चुकीच्या रिंगणात पडलेल्याला बाई खोडत नाहीत. म्हणतात, "घरी पानी, वहीत पाणी. दोन्ही आपलंच." मुलाच्या घरची बोली चूक ठरवून त्याला शुद्धलेखन शिकवता येत नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

(दृश्य: जुन्या मोडी कागदाचा जवळून घेतलेला भाग. एक सलग शिरोरेघ.)

मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला ही धास्ती नव्हती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, शब्द तोडत नसत, विरामचिन्हंही नव्हती. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेनं मराठीत आली. त्यात इंग्रजी-मराठी शब्दकोश करणारे मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 सालचे, 1972 मध्ये आणखी 4 आले. म्हणजे ज्या 18 नियमांनी मुलांचे गुण कापले जातात, ते काही फार जुने नाहीत.

(दृश्य: फळ्यावर एकच ओळ. मुलं दोन गटांत.)

एसटी थांबली नाही गेली.

या ओळीत स्वल्पविराम नाही. तो एका मुलाच्या हातात आहे, काळ्या पुठ्ठ्याचा, वीतभर लांब. तो 'थांबली'नंतर उभा राहतो. वर्ग वाचतो, "एसटी थांबली, नाही गेली." पहिला गट दप्तरं उचलून फाटकाकडे धावतो, गाडी मिळाली! मग तो मुलगा एक शब्द ओलांडून 'नाही'च्या पुढे येतो. "एसटी थांबली नाही, गेली." दुसरा गट कपाळाला हात लावून खाली बसतो. यातली निम्मी मुलं रोज फाट्यावर गाडीची वाट बघतात. त्यांना या चिन्हाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पूर्णविरामाला सगळे बसतात, प्रश्नचिन्हाला हात कमरेवर जातात. उद्गारचिन्हाला काय होतं ते कॅमेऱ्याच्या हलण्यावरून कळलंच असेल.

(दृश्य: वर्गाच्या आत. शांतता. पेन्सिलींचा आवाज.)

आता मुलं पुन्हा वहीसमोर बसलीत. मघाची वेलांटी झालेली मुलगी खिडकीपाशी लिहितेय. 'आईने चूलीवर भाकरी केली.' पूर्णविराम देऊन ती थांबते. ओठ हलतात, आवाज नाही. चूल. चुलीवर. मग खोडरबर घेऊन ती दुसरा उकार पुसते, कागदावर फुंकर मारते आणि पहिला उकार काढते.

बाई तेव्हा फळा पुसत होत्या. त्यांनी हे पाहिलंच नाही.