नंबर कुणाचा?

अंगणवाडीच्या दारात गरोदर बाई उभी आहे. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा पडताळणी सक्तीची झाली, आणि त्याआधी एकदा आधारची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करावी लागते. सेविका पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर, तिचा आधार क्रमांक टाकते, ओटीपी मागवते. ओटीपी येतो, पण नवऱ्याच्या फोनवर. नवरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, आणि फोन गेटवर जमा. दहा मिनिटांनी तो ओटीपी बाद. बाई म्हणते, उद्या येते. उद्याही पाळी तीच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या प्रकारात तिला फोन चालवता येतो का, इंग्रजी वाचता येतं का, स्मार्टफोन आहे का, यातला एकही प्रश्न आला नाही. अडलं ते नंबरावर. आपण बायकांच्या डिजिटल साक्षरतेबद्दल बोलतो तेव्हा हँडसेट मोजतो आणि प्रशिक्षणं घेतो. इथे बसलेल्या सेविका, बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताई आणि सेवा केंद्र चालवणारी मंडळी यांना मला आज एवढंच सांगायचं आहे की क्रम उलटा लावा. आधी तिच्या नावाचा, तिच्या हातातला, चालू असलेला नंबर. स्मार्टफोन त्यानंतर.

आकडे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळातली. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी इंटरनेट वापरलेल्या देशात ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्रात बायका ३८ टक्के, पुरुष ६० च्या वर. शेजारच्या गोव्यात बायकांचाच आकडा ७० च्या पुढे, म्हणजे ही दरी काही निसर्गाने घालून दिलेली नाही. पण प्रश्नाचे शब्द बघा. इंटरनेट ‘कधीतरी’ वापरलं का, असं विचारलं होतं. भाच्याच्या फोनवर एकदा लग्नाचा व्हिडिओ पाहिला तरी उत्तर ‘हो’. फोनबद्दलचा प्रश्न होता, ‘तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल आहे का?’ त्याला देशात ५४ टक्के बायका हो म्हणाल्या, महाराष्ट्रातही जवळपास तेवढ्याच. सिम कुणाच्या नावावर, आधारला कुठला नंबर जोडलेला, हे त्यात येत नाही. पुढच्या पिढीत आपोआप सुधारेल म्हणणाऱ्यांसाठी असर या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलामुलींपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४४ टक्क्यांच्या आसपास, मुली २० टक्के. चालवता दोघांनाही येतो.

नंबर नवऱ्याचा झाला कसा? देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं, आणि ते एका बाईला. त्या काळात मोबाईल नंबर देणं ऐच्छिक होतं. शाळेत शिबिर लागायचं, रांग मोठी, ऑपरेटर विचारायचा, ‘नंबर?’ मग जो तोंडपाठ असेल तो सांगितला जायचा. नवऱ्याचा, दिराचा, शेजारच्या किराणावाल्याचा. एकच नंबर कितीही आधारांना जोडता येतो, त्यामुळे घरातल्या सहाही जणांना एकच नंबर लागला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढे त्या नंबरावर बँक आली, रेशन आलं, योजना आल्या.

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण तर सगळ्यांनी हाताळलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिथे दोन ओटीपी लागत होते: एक बाईच्या आधारचा, दुसरा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. नवरा ऊसतोडीला किंवा पुण्यात साइटवर असेल, तर फोनवरून दहा मिनिटांत आकडे सांगून घ्यायचे. विधवा, घटस्फोटित, वडीलही नसलेल्या बायकांसाठी पानावर रकानाच नव्हता. मृत्यू दाखला, न्यायालयाचा आदेश अशी कागदं सेविकेकडे देण्याची सोय नंतर झाली, आणि मुदत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. १५०० रुपये बाईच्या खात्यात जावेत म्हणून आखलेल्या योजनेची किल्ली पुरुषाच्या खिशातल्या फोनमध्ये ठेवली, हे ज्यांनी पान तयार केलं त्यांना दिसलं नसावं. घरात फोन सगळ्यांचा असतो, असं गृहीत धरलं की असं होतं.

आता करायचं काय ते बघू.

पहिल्यांदा आधारला कुठला नंबर आहे ते शोधा. यासाठी ओटीपी लागत नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘आधार वैधता तपासा’ असा भाग आहे. तिथे बारा आकडे आणि चित्रातली अक्षरं टाकली की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तीन आकडे तिच्यासमोर मोठ्याने वाचा. ‘हा तर मोठ्या जावेचा जुना नंबर’ किंवा ‘हे कुणाचे काय माहीत’ अशी उत्तरं येतात. मोबाईलची जागा रिकामी दिसली, तर नंबर जोडलेलाच नाही.

मग सिम. तिच्याकडे नंबर असला तरी तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या कागदावर घेतलेला असतो. संचार साथी या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवर एखाद्या नंबराने शिरलं की त्याच माणसाच्या नावावरचे बाकीचे नंबर दिसतात. इथे उलटाही प्रकार सापडतो: तिच्या आधारवर तिला माहीत नसलेली दोन-तीन सिमं निघतात. ‘हा माझा नंबर नाही’ असं तिथेच नोंदवता येतं. नवीन सिम घ्यायचं असेल तर तिने स्वतः दुकानात जायचं, केवायसी तिच्या आधारवर, फोटो तिचा. जुनाच नंबर सगळ्या नातेवाइकांकडे असेल तर बदलू नका. दोघांनी मिळून कंपनीच्या दुकानात जाऊन सिम तिच्या नावावर करून घ्या.

तिसरं, तो नंबर आधारला जोडणं. यासाठी कागद एकही लागत नाही. आधार क्रमांक आणि तिचं बोट किंवा डोळा, एवढंच. केंद्रावर ७५ रुपये शुल्क आहे, पावती मागून घ्या. पावतीवरच्या क्रमांकाने अर्ज कुठवर आला ते बघता येतं. केंद्र तालुक्याला आणि बाईला एकटीने जाणं जमत नसेल, तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचे पोस्टमन २०२१ पासून हे काम घरी येऊन करतात. दहा-बारा बायका जमवून पोस्टमास्तरांना आधी सांगितलं तर एका फेरीत होतं. अडचण येते ती बोटांची. भांडी, धुणं, निंदणी करणाऱ्या हातांचे ठसे उठत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित क्रीम लावून दहाही बोटं बघा. अंगठा गेलेला असला तरी अनामिका चालून जाते. भाकरी थापून थेट आलेल्या हाताने मशीनशी भांडू नका.

चौथं ठिकाण बँक, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ. आधारला नंबर बदलला म्हणून बँकेत बदलत नाही. बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर काय होतं? बाई बँक मित्राकडे, म्हणजे गावात मशीनवर पैसे काढून देणाऱ्या बँकेच्या माणसाकडे, अंगठा लावून १००० रुपये काढते. मशीनवाला म्हणतो, ‘फेल झालं, परत लावा.’ ती परत लावते. दोन्ही वेळा रक्कम कापल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेलेला असतो. म्हणजे तिने किती काढले ते त्याला कळतं, आणि तिला फसवलं असेल तर ते तिला कळत नाही. अशा वेळी फेल झाल्याचीही छापील पावती मागायची सवय लावा.

पैसेच आले नाहीत, ही तक्रार घेऊन बाई आली तर आधी विचारा, खाती किती? थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. सिम घेताना दुकानदाराने सोबत एक पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, आणि पैसे तिथे साचत असतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती, म्हणजे आधारशी कुठली बँक जोडली आहे ते, दिसते, पण ती बघायला ओटीपी हवा. म्हणून नंबराचं काम आधी.

नावाचं दुखणं खास आपलं आहे. आधारवर माहेरचं नाव, मध्ये वडील. पासबुकावर सासरचं, मध्ये नवरा. यंत्राला ही दोन माणसं वाटतात. लग्न झाल्यावर सगळीकडे नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि माझं मत विचाराल तर आधारवर माहेरचं असेल आणि तिला तेच हवं असेल, तर बँकेतलं नाव आधारसारखं करून घेणं सोपं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. घाईत एक संधी घालवू नका.

नंबर मिळाला की तो जिवंत ठेवायचा. घरात रिचार्जचे पैसे कमी पडले की पहिला कुणाचा नंबर बंद पडतो हे मी सांगायला नको. मुदत संपली की आधी बाहेर जाणारे फोन बंद होतात आणि थोड्या दिवसांत येणारे मेसेजही. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते, आणि पुढच्या नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग हिच्या आधारचे ओटीपी एखाद्या परक्याच्या फोनवर पडायला लागतात. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटाशिवाय, फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले आहेत. दुकानदार ते स्वतःहून दाखवत नाही. नाव घेऊन मागावं लागतं. ओटीपीसाठी एसएमएस पुरतो, आणि एसएमएससाठी बटणांचा साधा फोन पुरतो. त्या साध्या फोनमध्ये एकच पेच आहे: मेसेजची पेटी भरली की नवा मेसेज आत येत नाही. लोनच्या आणि लॉटरीच्या जाहिराती महिन्यातून एकदा पुसून टाका. ‘ओटीपी येतच नाही’ म्हणणाऱ्यांचा फोन हातात घेतलात तर कित्येकदा एवढंच निघतं.

आला तर तो वाचायचा कसा? आधारचा मेसेज इंग्रजीत असतो आणि त्यात आकडेच आकडे. आधी आधारचे शेवटचे चार, मग सहा आकडी ओटीपी, मग दहा मिनिटांचा १०, शेवटी चौकशीसाठी १९४७. इंग्रजी न येणारी बाई पहिला दिसलेला आकडा सांगते, चुकतो. मग शेवटचा सांगते, तोही चुकतो. तिला शब्द शिकवत बसू नका. ‘सलग सहा आकडे शोधा’ एवढं सांगा, आणि तिच्याकडून बोटाने दाखवून घ्या. तुम्ही फोन तिच्या हातातून काढून घेतलात तर काम लवकर होईल आणि पुढच्या वेळी ती पुन्हा तुमच्याकडेच येईल. आपण एकीकडे ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ अशी भित्तिपत्रकं लावतो आणि दुसरीकडे दिवसाला पन्नास बायकांना ओटीपी विचारतो. यातून मार्ग एकच: काम कशाचं आहे ते आधी मराठीत सांगा, पडदा तिच्याकडे फिरवा, आणि आकडे शक्यतो तिलाच टाकू द्या. न मागता आलेला ओटीपी कुणालाही नाही, हे मात्र ठासून. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि तोही त्याच तासात.

स्मार्टफोनकडे येतो. घरातला एकमेव फोन रात्री आठला घरी येतो, आणि आठ ते दहा ही तिची स्वयंपाकाची वेळ. दिवसाचा दीड जीबी तोवर मुलांनी संपवलेला असतो आणि नवा डेटा रात्री बाराला सुरू होतो. प्रशिक्षणात शिकवलेलं ती कधी करून बघणार? मुलाचा उतरलेला फोन तिला मिळतो तेव्हा त्यात मुलाचंच गुगल खातं असतं. नवं ॲप घ्यायला पासवर्ड त्याचा, फोटो त्याच्याकडे जातात, आणि तो चिडला की लॉकही त्याचं. फोन तिला देताना पहिलं खातं काढून, फोन पूर्ण पुसून, तिच्या नंबराने नवं खातं उघडा. आणि ‘दिला’ म्हणजे चालण्याजोगा दिला का, तेही बघा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले, ते त्यांना तंत्रज्ञान नको होतं म्हणून नव्हे. फोन तापत होते, अडकत होते, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होतं.

यूपीआयलाही नंबरच आडवा येतो. ॲप सुरू होताना त्या फोनमधल्या सिमवरून बँकेला एक मेसेज जातो. तो बँकेत नोंदलेल्या नंबरावरून गेला तरच पुढचं पान उघडतं. दोन सिमांच्या फोनमध्ये चुकीचं सिम निवडलं, किंवा पॅकमध्ये बाहेर जाणारा एसएमएसच नसला, की तिथेच थांबतं. पिन डेबिट कार्डावर किंवा आधारच्या ओटीपीवर बनतो. ही कटकट नको म्हणून हल्ली लोक यूपीआय सर्कल सुचवतात: ऑगस्ट २०२४ ची सोय, नवऱ्याच्या खात्यावरून बायकोने पैसे द्यायचे, महिन्याला १५,००० पर्यंत. कॉलेजातल्या मुलासाठी उत्तम. पण ज्या बाईचं स्वतःचं खातं आहे, तिची कोथिंबिरीची जुडीसुद्धा नवऱ्याच्या फोनवर दिसावी, अशी व्यवस्था आपण तिला सोय म्हणून शिकवू नये.

शिबिर लावणार असाल तर वेळ दुपारी एक ते चार ठेवा. स्वयंपाक उरकलेला असतो आणि शाळा सुटलेली नसते. येताना आधार, सगळी पासबुकं आणि फोन आणायला सांगा, फोन चार्ज करून. फोन नवऱ्याकडे आहे असं जिचं उत्तर येईल, तिचं नाव यादीत सगळ्यात वर घ्या, आणि पोस्टमन त्या दिवशी मिळतो का ते आधी विचारून ठेवा.