टोपडं काढून बघा

नमस्कार श्रोतेहो, आणि ज्यांच्या घरी आत्ता बाळंतीण आहे आणि आतल्या खोलीत बाळ झोपलंय म्हणून हा रेडिओ बारीक आवाजात लागलाय, त्यांना जरा जास्तच नमस्कार. आज बोलायचंय ते नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावरच्या सुजेबद्दल. गेली कित्येक वर्षं मी लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय, आणि बाळ बघायला गेल्यावर आईच्या आधी आजी जो प्रश्न विचारते तो हाच, की डोक्यावर हे काय आलंय?

आधी साधी सूज सांगते. जन्माच्या वेळी बाळाचं डोकं वाट काढत बाहेर येतं, तासन् तास दाब बसतो. कवटीची हाडं अजून एकमेकांना जुळलेली नसतात, ती थोडी एकमेकांवर सरकतात, म्हणून डोकं लांबुडकं दिसतं, आणि जो भाग सगळ्यात पुढे असतो तिथल्या कातडीत पाणी साठतं. बोटाने हलकं दाबलं तर खळगा पडतो, पाय सुजल्यावर पडतो ना, तसाच. ही सूज जन्मतःच असते, दोन-तीन दिवसांत ओसरते, फार तर आठवडा. काही करायचं नाही. परत सांगते, काही म्हणजे काही करायचं नाही.

आता दुसरी सूज, आणि ती सांगायची तर मला पांढऱ्या केसांच्या एका आजींबद्दलच सांगावं लागेल, कारण ही गोष्ट मला त्यांच्यासारखी अजून कुणाला सांगता आलेली नाही.

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी नवीनच लागले होते. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, कळा दिवसभर चालल्या, रात्री बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून व्हॅक्यूम लावला. म्हणजे बाळाच्या डोक्यावर वाटीसारखा कप बसवतात आणि हवा ओढून घेऊन, आईच्या कळेबरोबर बाळाला बाहेर यायला मदत करतात. मुलगी झाली, तीन किलोची, छान रडली. डोकं मात्र कपाच्या जागी उंच झालेलं. मी बाळाच्या आईला सांगितलं, दोन दिवसांत जाईल, आणि राउंडला पुढे गेले. आजींना काही सांगितलं नाही, त्या कोपऱ्यात उभ्या होत्या. ती माझी चूक, आणि ती मी पुन्हा केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात गेले तर आजी माझी वाटच बघत होत्या. त्यांनी बाळाचं टोपडं काढलं. कालची सूज उतरली होती, पण उजव्या बाजूला, कानाच्या वर, कोंबडीच्या अंड्याएवढं टेंगूळ आलं होतं. आजी म्हणाल्या, "आवं डाक्टरीनबाई, तुमी म्हनला दोन दिसात जिरंल, आन् ह्ये तर दुसरंच उगावलं की!" आवाजात राग होता, पण डोळ्यात पाणी होतं. कारण दुसऱ्या दिवशी सासरची माणसं बाळ बघायला येणार होती, आणि माहेरी बाळंतपण म्हटल्यावर बाळाला काही कमी-जास्त झालं तर बोट कुणाकडे जातं ते मी तुम्हाला सांगायला नको. पोराला खाली पाडलं म्हणतील, एवढंच त्या परत परत म्हणत होत्या.

त्या रात्री त्यांनी काय केलं, दवाखान्याच्या मागे नातेवाइकांची चूल असायची, तिथून विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळून आणला आणि टेंगळाला शेक द्यायला बसल्या. नशीब की रात्रपाळीच्या सिस्टरने बघितलं आणि हात धरला. सकाळी सिस्टर मला म्हणाल्या, मॅडम, आजींना ओरडू नका, त्यांना कुणी समजावूनच सांगितलेलं नाही.

मग मी स्टूल घेऊन आजींच्या शेजारी बसले. म्हटलं, बोट द्या. त्यांचं बोट धरून टेंगळाच्या कडेकडेने हळूच फिरवलं, आणि म्हटलं, बघा, ही सूज इथे थांबते, डोक्याच्या मधल्या रेषेच्या अलीकडेच. कवटी एकसंध नसते आजी, तुकड्यांची असते, दोन तुकड्यांच्या मध्ये सांधा असतो. हाडावर पातळ पापुद्रा असतो, त्याच्या खाली रक्त साठलंय. पापुद्रा सांध्यापाशी घट्ट चिकटलेला असतो, म्हणून रक्त सांधा ओलांडू शकत नाही.

आजींनी दोनदा स्वतःहून बोट फिरवून बघितलं, आणि म्हणाल्या, "म्हंजी वाफ्यातलं पानी. बांधाला थटलंय."

श्रोतेहो, मी वैद्यकीय पुस्तकात याच्यावर पानंच्या पानं वाचली होती, पण ही दोन वाक्यं कुठे नव्हती. आजी आयुष्यभर उसाला दारं धरत आलेल्या. त्यांच्या हिशोबात सगळं बसलं. कालची सूज म्हणजे वरून पाऊस पडला, तो बांध बघत नाही, सगळं रान भिजतं आणि लवकर वाळतं. आजचं टेंगूळ म्हणजे एकाच वाफ्यात साचलेलं पाणी, बांधाशी अडलेलं, ते मुरायला वेळ लागणार. आणि जन्मल्या-जन्मल्या का नव्हतं? कारण पाझर हळू होता, भरायला काही तास, कधी कधी दीड-दोन दिवस लागतात. ज्यांच्याकडे फाईल आहे त्यांनी बघावं, पहिल्या सुजेला कॅपट लिहितात आणि ह्या दुसरीला सेफलहिमॅटोमा.

मग त्यांनी लगेच विचारलं, सुईनं काढून टाकता येत नाही का रक्त? हा प्रश्न मला आजही विचारतात, म्हणून उत्तर नीट ऐका. नाही. आत सुई घातली की बाहेरचे जंतू आत जायची वाट होते, आणि साचलेल्या रक्तात जंतू झपाट्याने वाढतात. चोळायचं नाही, शेकायचं नाही, नाणं दाबून बांधायचं नाही, सुई नाही. वाफा आपोआप मुरतो, त्याला दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसायला लागले, चौथ्या दिवशी छातीपर्यंत. साचलेलं रक्त विरघळतं तेव्हा त्यातून पिवळा रंग तयार होतो, तो सगळा बाळाच्या कोवळ्या लिव्हरला बाहेर टाकायचा असतो, म्हणून टेंगूळ असलेल्या बाळाला कावीळ जास्त चढू शकते. रक्त तपासून आम्ही तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी, दर दोन तासांनी अंगावर पाजायला आईकडे. ह्या दिव्यामागची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या दवाखान्यात वॉर्ड नावाच्या एक सिस्टर बाळांना उन्हात, अंगणात न्यायच्या. त्यांनी एक बाळ डॉक्टरांना दाखवलं, सगळं अंग फिकट आणि चादरीने झाकलेला तेवढा तुकडा पिवळाधमक. तिथून पुढे दिव्याचे उपचार आले. आपल्याकडेही सिस्टर लोक असंच कितीतरी आधी ओळखतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत दवाखान्यांत अजून हवी तेवढी नाही, हे मला मनापासून वाटतं. असो. पण म्हणून कावीळ चढल्यावर बाळाला घरी उन्हात धरून बसू नका, किती चढलीये ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

तर सासरची माणसं आली. मी मुद्दाम वॉर्डातच थांबले होते, समजावून सांगायचं म्हणून. माझी गरजच लागली नाही. विहीणबाईंनी टोपड्याला हात घातला मात्र, आजींनी त्यांचं बोट धरलं, टेंगळाच्या कडेकडेने फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्यो बांध हाय बगा. पानी हितंच थटलंय." विहीणबाई पण शेतातल्याच. दोघी बाळावर वाकून बराच वेळ बोट फिरवत बसल्या, आणि बाळाची आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा उशीला टेकून शांत झोपली.

दीड महिन्याने आजी लसीच्या दिवशी परत आल्या, घाबरलेल्या. मधे खड्डा लागतोय आणि कडा टणक झालीये. असं होतं, श्रोतेहो. कडेकडेने चुना धरल्यासारखं हाड तयार होतं, मधला भाग अजून मऊ असतो, म्हणून कवटीत खड्डा पडल्यासारखं वाटतं. खड्डा नसतो. मी हे सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "वाफा वाळताना कडंनंच आधी वाळतो." चौथ्या महिन्यात आल्या तेव्हा डोकं गोल, टेंगळाचा पत्ता नाही, आणि माझ्यासाठी फडक्यात बांधून घेवडा आणलेला.

आता वेळ थोडा उरलाय आणि तिसरी सूज राहिली, तीच धोक्याची, म्हणून कान देऊन ऐका. ही कमी बाळांना होते, जास्त करून व्हॅक्यूम लावलेल्या बाळांना, पहिल्या एक-दोन दिवसांत. ह्यात रक्त वरच्या सैल थरात पसरतं, तिथे बांधच नाही. सूज पाण्याच्या पिशवीसारखी लिबलिबीत लागते, बाळ वळवलं की सरकते, मानेकडे उतरते, पापण्या सुजतात, कान पुढे ढकलल्यासारखे दिसतात. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त साधारण २४० मिली, म्हणजे पेलाभर, आणि त्यातलं बरंचसं ह्या एका जागेत मावू शकतं. म्हणून सूज पसरतेय आणि बाळ पांढरं पडलंय, मलूल झालंय, ओढून पीत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दवाखान्यात असाल तर सिस्टरला तिथल्या तिथे हाक मारा, घरी असाल तर १०८ ला फोन. परत सांगते. पसरणारी सूज, पांढरं पडलेलं बाळ, दूध न ओढणारं बाळ, १०८. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते, खर्चाच्या विचाराने थांबू नका.

आणि जन्मल्यावर बाळाच्या मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात ते दिलं का, हे जरूर विचारा. रक्त गोठायला ते लागतं. एवढ्याशा जिवाला सुई कशाला म्हणून नको म्हणणारी घरं मी बघितलीत, फार वाईट वाटतं.

अजून एक, मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून उशी, वरून रोज आंघोळीच्या वेळी दोन्ही हातांनी दाबून आकार देणं, हे मला अजिबात पटत नाही. डोकं आपापलं गोल होतं. टाळूवर तेलाचं बोट हलकं ठेवा, न्हाऊ घालणाऱ्या बाईंना टेंगूळ आधीच दाखवून ठेवा आणि तिथे हात चालवू नका म्हणा, झोपवताना पाठीवर, उशीशिवाय. आणि ती घट्ट विणलेली लोकरीची टोपडी! थंडीत टोपडं हवंच, पण चोवीस तास डोक्यावर असेल तर खाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. रोज सकाळी खिडकीशी, उजेडात, टोपडं काढून डोकं बघा, डोळे बघा, रंग बघा. आशाताई घरी येतात तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, पुढे दीड महिन्यापर्यंत, तेव्हा त्यांच्यासमोरही टोपडं काढा, आणि आजींना बाजूला बसवा, त्यांचं बोट तिथे फिरू द्या.

पुढच्या मंगळवारी नाळेबद्दल बोलू, नाळेला काय लावायचं आणि काय लावायचं नाही. नमस्कार.