आत्याच्या गोळ्यांचा डबा

हा जो स्टीलचा डबा दिसतोय ना, याच्यात आधी शेवया असायच्या. नंतर आत्याच्या गोळ्या आल्या. झाकणावरच्या पट्टीवर आतोबांनी बॉलपेननं वेळा लिहिल्यात बघा, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला डबल, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको.

मॉर्फिन, अफूपासून बनणारं दुखण्यावरचं औषध. नाव ऐकूनच अर्धं घर हादरलं होतं. माझा चुलतभाऊ म्हणाला, अगं अफू ती, सवय लागेल! कॅन्सर हाडापर्यंत गेलेल्या 71 वर्षांच्या बाईला कसली सवय लागतेय, पण तेव्हा हे तोंडावर बोलायचं कुणाला सुचलं नाही.

त्याच्या आधीचे तीन आठवडे मात्र आठवले तरी अंगावर काटा येतो. हॉस्पिटलनं सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या. फाइल हातात दिली, बिल घेतलं. दुखायला लागलं तर काय द्यायचं, हे ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. रात्री शेजारचे उठून यायचे इतकी ती ओरडायची.

गंमत बघा, अफू पिकते आपल्याच देशात, मंदसौर-नीमचच्या शेतात, सरकारी परवान्यानं. पण 1985 चा नार्कोटिक्सचा कायदा इतका कडक होता, की लायसन्सच्या भानगडी नकोत म्हणून बऱ्याच हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा बदलला. डॉक्टरांची भीती तेवढ्या पटकन बदलत नाही.

हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करून काळजी घेणारी जागा. नाव काढलं की लोक म्हणतात, तिथे नेलं म्हणजे संपलंच. आम्हीपण तेच म्हणायचो. लंडनला सिसिली सॉन्डर्स बाईंनी 1967 मध्ये असं हॉस्पिस सुरू केलं, बाई आधी नर्स, मग सोशल वर्कर, आणि मग खास यासाठी डॉक्टर झालेल्या. आपल्याकडे पहिलं 1986 मध्ये, वांद्र्याला माउंट मेरीजवळ, डॉ. डिसोझांचं शांती अवेदना सदन. अवेदना, नावातच सगळं आलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर 1997 पासून आहे. दोन्हीकडे पेशंटकडून पैसे घेत नाहीत, हे सांगितलं की लोकांना खरंच वाटत नाही.

आत्याला घरीच राहायचं होतं, म्हणून आमच्याकडे होमकेअरची नर्स यायची. पहिल्या दिवशी तिनं औषधांआधी वासाचं बघितलं. छातीवरची जखम उघडी होती आणि घरात उदबत्त्या लावून लावून आम्ही थकलो होतो, नातू दारातूनच आजीला हाय करायचा. नर्सनं मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, त्याच त्या जुलाब झाले की देतात त्या, दोन चमच्यांमध्ये दाबून पूड केली, जखम सलाइननं धुतली, पूड भुरभुरली, वर गॉज. बास. तीन-चार दिवसांत वास एवढा कमी झाला की पोरगा मोबाइल घेऊन आजीच्या पलंगावर जाऊन बसला, आणि ती दोघं तासभर कसला तरी फळं कापायचा गेम खेळत होती.

मग मोठा प्रश्न. तिला सांगू नका, असं आम्ही नर्सला दारातच बजावलेलं. ती वाद घालत बसली नाही. आत्याला एवढंच विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? आत्या म्हणाली, मला माहितीये गं, पण ह्यांना सांगू नकोस, झेपायचं नाही.

दोघंही एकमेकांना लपवत होते, आणि आम्ही दोघांनाही. त्या रात्री आतोबा तिच्याजवळ बराच वेळ बसले, दार लोटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी लॉकरची चावी कुठंय ते कळलं, आणि पैठणी मला मिळणारेय हेही.

नर्सनं एकदा आतोबांचंच बीपी बघितलं. 180. बायकोच्या गोळ्या सांभाळता सांभाळता स्वतःच्या बंद केलेल्या! मग दर गुरुवारी दोन तास मी बसायचे आणि त्यांना भजनाला पिटाळायचे. पहिल्या गुरुवारी ते अर्ध्या तासात परत आले.

आत्या गेली तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले, झोपेत. तेराव्यानंतरही नर्सचा फोन यायचा, आत्यासाठी नाही, आतोबांसाठी.

हे शूट करताना मध्येच दुपारी दोनचा अलार्म वाजला, आतोबांच्या मोबाइलवर. कॅमेरा चालूच होता. त्यांनी तो बंद केला नाही, पूर्ण वाजू दिला. मग म्हणाले, चहा टाकतो, कमी साखरेचा कुणाला?