तळच्या कापसाची नोंद

(हंगाम सुरू होण्याआधी हिंगणघाट परिसरातल्या जिनिंग कारखान्यांतल्या (जिथे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधतात) कामगार, मुकादम आणि पाळीप्रमुखांपुढे केलेलं भाषण, संपादित करून)

मंडळी, इथे बसलेल्या प्रत्येकाच्या जिनमध्ये वह्या आहेत. हजेरीची, आवकेची, मशीन बंद पडल्याची, आगीची, अपघाताची. हंगाम संपला की त्या बस्त्यात बांधून कपाटावर जातात आणि वाळवी लागेपर्यंत तिथेच राहतात. मी आधी फिटर होतो, मग पाळीप्रमुख झालो. कितीतरी वर्षं मीही अशाच वह्या भरल्या आणि बांधून ठेवल्या. आज त्यातली एक तुमच्यापुढे उघडतो.

आगीची वही. जिनमध्ये आग म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. कापसातून खिळा आला, गोटा आला, लोखंडावर आपटला, ठिणगी उडाली की रुई पेटते. वरून विझली असं वाटतं, पण आत धुमसत राहते, बांधलेल्या गठाणीतसुद्धा. आमच्या वहीत चार रकाने होते: तारीख, वेळ, मशीन नंबर, नुकसान. एका हंगामात आगी फार झाल्या, तेव्हा मी जुन्या नोंदी काढल्या आणि तारखेऐवजी घड्याळाप्रमाणे लावल्या. बहुतेक आगी रात्रपाळीतल्या निघाल्या. झालं, रात्रीची माणसं डुलक्या घेतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दोघांना ताकीद द्यायची चिठ्ठी मीच लिहिली. तिचं आजही मला वाईट वाटतं.

चिठ्ठी खिशात होती. गंजीवर, म्हणजे आवारातल्या कापसाच्या ढिगावर, काम करणाऱ्या एका मावशींना मी जाता जाता विचारलं, रात्री काय होतं हो इथे? त्या म्हणाल्या, "भाऊ, दिवसा तुमी बंडीतला, ट्रॅक्टरातला ताजा कापूस लावता. राती गंजीचा तळ खरवडता. तळाले माती, गोटे, खिळे सारंच राह्यते." मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं? "कोनं इचारलं?"

कापूस गंजीच्या कोणत्या थरातला, याचा रकानाच आमच्या वहीत नव्हता. म्हणून वहीनं जे सांगितलं ते खरं असूनही चुकीच्या माणसाकडे बोट दाखवत होतं. आम्ही दोन रकाने वाढवले, गंजी नंबर आणि थर. काही आठवड्यांतच दिसलं की दिवसा तळ उचलला तर दिवसाही ठिणगी उडते. चिठ्ठी मी फाडली.

त्यानंतर काय केलं ते ऐका, कारण इथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते. तळचा हातभर थर थेट मशीनला लावायचा नाही, आधी बायांनी तो वेचायचा आणि त्याची मजुरी वेगळी धरायची. कापूस ओढणाऱ्या नळीत लोहचुंबक बसवले. मालकांच्या मागे लागून अर्ध्या आवारात सिमेंटचा ओटा करून घेतला. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन आलं, त्यात जिनिंगच्या आधुनिकीकरणाला मदत होती, तेव्हा उरलेला ओटाही झाला. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख त्याच वहीत, त्याच पानावर लिहिली. वेगळा अहवाल केला नाही. अहवाल केला की तो कार्यालयात जातो आणि वही कामगाराकडे राहते, दोघांची पुन्हा गाठ पडत नाही.

आपल्याच विदर्भातलं मोठं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम केलं. गावातलीच बाई बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची, लिहायची. तिथल्या नवजात बालमृत्यूचा दर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला, आणि १९९९ मध्ये ते जगापुढे मांडलं गेलं. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की मोजणारी आणि उपचार करणारी बाई एकच होती. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण, हे तिला ठाऊक होतं. जंतुसंसर्ग दिसला आणि आईबाप तयार असले, तर शिकवल्याप्रमाणे औषध देण्याची मुभाही तिला होती. आकडा तालुक्याला जाऊन परत यायची वाट पाहावी लागत नव्हती.

आपल्याकडे उलटं आहे. लिहितो हेल्पर, वाचतो मुनीम, ठरवतो मालक, आणि हेल्परला काही कळतच नाही. मग तो अंदाजाने लिहायला लागतो. त्यात त्याचा दोष मला दिसत नाही.

हजेरीच्या वहीचंही सांगतो. एका ठिकाणी सुटीनंतरच्या दिवशी खाडे जास्त दिसायचे, आणि सुटीला पितात म्हणून मजुरी कापली जायची. पण कापसाच्या धुळीनं छातीचा एक आजार होतो, बायसिनोसिस. सुरुवातीला त्यात सुटीनंतर पुन्हा धुळीत शिरलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि माणूस अर्ध्यावर घरी जातो. निदान करणं डॉक्टरांचं काम. पण खाडा म्हणजे दारू असं समजण्याआधी छाती तपासा, एवढं तर आपण म्हणू शकतो. रुमालाऐवजी चांगला मास्क, धूळ ओढणारा पंखा, हे त्या हजेरीवरूनच मागता येतं.

अपघाताच्या वहीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ४८ तास कामावर येता आलं नाही तर अपघात कळवायचा अशी तरतूद होती. बोटाला चिंधी बांधून माणूस दुसऱ्या दिवशी आला की त्याची नोंदच नाही. मशीनच्या सुरीत जाता जाता वाचलेला हात तर कुठल्याच वहीत नाही. आणि खरं लिहिणाऱ्याला एकदा बोलणी बसली की त्या दिवसापासून वही कोरी. कोरी वही पाहून खूश होणारे पाळीप्रमुख मी पाहिले आहेत. मला ती सगळ्यात भीतीदायक वाटते.

तुम्हाला गेल्या हंगामाच्या वह्या आणायला सांगितलं होतं, बऱ्याच जणांनी आणल्या आहेत. चहा झाला की सतरंजीवर गोल बसू. गंजीवर काम करणाऱ्या बाया पुढे येऊन बसतील. पानं आपण वाचून दाखवू, आणि कोणता रकाना नाही, ते पहिल्यांदा त्यांना विचारू.